मंजूर भार

दुसरं वर्ष, पेपर चौथा, ऊर्जेचं अर्थशास्त्र.
टिपणीस सर फळ्यावर एक उतरती रेघ ओढतात
आणि म्हणतात, ही मागणी.
मुनीरा माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहिते :
आमच्याकडे परवा एक आली होती, भिवंडीहून.
मुलाचे बारा पॉवरलूम. रेघ नव्हती, मिशा होत्या.
सर विचारतात, काय झालं?
काही नाही सर, किंमत वाढली की मागणी घटते.

सर पुढे सांगतात : नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे,
इच्छेच्या पाठीशी पैसे हवेत.
मी खाली दोन रेघा मारल्या. परीक्षेत येतं हे.

एप्रिलात तुर्भ्याला, खदानीमागच्या वस्तीत
आम्ही सव्वीस तापमापक टांगत फिरलो,
पत्र्याखाली, सुतळीनं, लोखंडी अँगलला.
एक प्रज्वलच्या हातून फुटला. पंचवीस.
वरून उच्चदाबाच्या तारा जातात,
दमट रात्री तळणीसारख्या चरचरतात.
इथे त्या कुणासाठी थांबत नाहीत.
त्या जातात बिनखिडक्यांच्या इमारतींकडे,
जिथे नुसती यंत्रं बसलेली असतात, गारव्यात.

गयाबाई वाकळेनं विचारलं, ह्ये कशाला लावता?
किती गरम होतं ते मोजायला, मावशी.
मग मला इचार की.

मी पेन उघडून उभी राहिले.

तिचा पंखा शेजारच्या खोलीतून ओढलेल्या वायरीवर,
एका पॉइंटचे महिन्याला पाचशे.
सत्तर वॅट, रात्रीचे दहा तास, तीस दिवस :
एकवीस युनिट.
पायरीवर बसून भागाकार केला, मग परत केला.
युनिटला जवळपास चोवीस रुपये.
घणसोलीला आमच्या स्लॅबखाली
याच्या निम्मेसुद्धा पडत नाहीत.

बाबा वायरमन. सत्तावीस वर्षं त्यांनी आकडे काढले,
लांब बांबूनं, सकाळी सहाला,
लोक जागे व्हायच्या आत.
मी आकडे मांडते, लॅपटॉपवर.
जेवताना ते विचारतात, तू नक्की कुणाच्या बाजूची?
आई म्हणते, आधी भात घे.

दरवाढीवरची सुनावणी वाशीला होती.
हॉलमध्ये एवढा एसी की मुनीरानं ओढणी कानावरून घेतली.
माणशी तीन मिनिटं.
गयाबाई दिवसाची मजुरी बुडवून
शेवटून दुसऱ्या रांगेत, पिशवी मांडीवर.
मंचावरचे गृहस्थ म्हणाले, ग्राहक क्रमांक?
म्हटलं, सर, पंचवीस खोल्यांची नोंद आहे, पंधरा दिवसांची.
ते तसे वाईट नव्हते. चष्मा पुसत म्हणाले,
ग्राहकालाच हरकत घेता येते, बाळ.

मग मी आमच्या बिलावरचा नंबर म्हटला,
बारा आकडी, तोंडपाठ,
शाळेत असल्यापासून भरणा केंद्राच्या रांगेत उभी राहून.
आणि वाचत सुटले :
खोली एक, दुपारी तीन, त्रेचाळीस.
खोली दोन, बेचाळीस, घरात बाळंतीण.
खोली तीन
अकराव्या खोलीला घंटी वाजली.
गयाबाईची खोली एकोणिसावी.

ती मागून उभी राहिली, माइकबिइक काही नाही.
एकोणीस, म्हणाली. रातच्या एकला चौतीस.
पोरगं निजत न्हाई.

इतिवृत्तात माझं नाव आलं, आडनाव चुकवून.
एकोणीस नंबर नाही आला.

घरी बाबांनी विचारलं, माझा नंबर दिलास?
हो.
त्यांनी खिळ्यावरचं बिल काढलं,
दिव्याखाली धरून बराच वेळ वाचत बसले,
स्थिर आकार, वहन आकार, थकबाकी शून्य,
जणू पहिल्यांदाच हातात आलंय.
मग म्हणाले, मंजूर भार एक किलोवॅट.
यात अजून एक पंखा बसतो.
आणि बिल परत खिळ्याला लावलं.

बाकीचे तापमापक आम्ही काढून आणलेत.
तिच्याकडचा तिनं दिला नाही.
आता मे. रात्री एकला फोन वाजतो.
छत्तीस, एवढंच म्हणते, आणि ठेवते.
मी लिहून घेते.
उद्या पेपर चौथा.